पट्टा किती वेळा आठवला

आमच्या धुळ्याच्या देवपुरात शुक्रवारी दुपारी दळण मिळत नसे. नवीन राहायला आलेल्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसायचं. ती डबा कमरेवर घेऊन गिरणीसमोर यायची, शटर खाली बघायची आणि शेजारच्या टेलरला हळूच विचारायची, "कोणी गेलं का हो यांच्यात?" टेलर मशीन न थांबवता म्हणायचा, "नाही. नवीन पिक्चर लागलाय."

गिरणी अक्काची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नक्की वय सांगता येत नसे, कारण केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, गिरणी विकून टाकू, बाईमाणसाचं काम नाही. तिने ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी छन्नी-हातोडी घेऊन झिजलेल्या दगडाला टाकी लावायला बसली. बोटं ठेचली, पण दगड धार धरून उठला. दीर परत आले ते त्यांचं दळण घेऊन.

तिच्या गिरणीचा पट्टा म्हणजे मोटारीवरून चाकावर जाणारा तो लांब काळा पट्टा. तो मधूनच घसरायचा. ती त्याला राळ लावायची, शिव्या द्यायची, गोडीगुलाबीनेही सांगून बघायची. पण तो पट्टा तिच्या डोक्यातून काही उतरत नसे. लग्नात अक्षता टाकताना तिला पट्टा आठवायचा. मयताला गेली तरी पट्टा आठवायचा. माझ्या डोळ्यांदेखत सत्यनारायणाच्या कथेत ती एकदम दचकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बंद केला ना मी?"

एका ठिकाणी मात्र तो तिला आठवत नसे. थेटरात. म्हणजे पिक्चर चांगला असेल तर. नाहीतर तिथेही आठवायचाच. आणि यावरून तिने आपलं माप बनवलं होतं. लोक तारे देतात म्हणे पिक्चरला, आमची अक्का पट्टा मोजायची.

मोजायची पद्धतही तिचीच. कापडी बटव्यात मूठभर ज्वारी घेऊन ती थेटरात बसायची. चपला काढून, पाय वर घेऊन, कडेची खुर्ची. पट्टा आठवला की बटव्यातून एक दाणा काढून ओटीत टाकायचा. पिक्चर संपला, दिवे लागले की सगळे दारातून बाहेर ढकलाढकली करतायत आणि ही बाई ओटीतले दाणे मोजत बसलेली. एकदा दारावरच्या पोराने बटवा धरला, "आजी, बाहेरचं खायचं आत न्यायचं नाही." ती म्हणाली, "कच्ची ज्वारी शे रे. खाऊन दाखव, मग नको नेऊ देऊस." त्याने दोन दाणे तोंडात टाकले आणि तिला जाऊ दिलं.

शनिवारी सकाळी गिरणीच्या फळ्यावर निकाल लागायचा. फळा मूळचा कामाचा. वर कायम लिहिलेलं असायचं, गहू सकाळी, ज्वारी-बाजरी दुपारी, कळणं संध्याकाळी. कळणं म्हणजे आमच्याकडे ज्वारीत उडीद घालून दळतात ते. एकाचं पीठ दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून ही वाटणी. त्याच्या खाली खडूने पिक्चरचा मजकूर. पिक्चरचं नाव ती कधीच लिहीत नसे. तिला लक्षातच राहायचं नाही. "नाव काय करायचं? माणसाचं तरी कुठे राहतं? काम राहतं," म्हणायची. म्हणून फळ्यावर असं असायचं: "चाळीस जणांना मारतो तो. पट्टा नऊ वेळा. इतकं मारून शर्टाची इस्त्री मोडत नाही." किंवा "तलवारींचा. घोडे छान. माणसं फार ओरडतात. पट्टा पाच." भुताच्या एका पिक्चरला तिने लिहिलं होतं, "भूत असतं तोवर आठवत नाही, भूत गेलं की आठवतो. भुताने थांबायला हवं होतं." आणि एकदा, गेल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट असेल, फक्त एवढंच: "म्हातारा दाराची कडी बसवतो तो. एकदाही नाही. जा."

गेलो की आम्ही. सगळी गल्ली गेली. आमच्या भिशीतल्या बायका रविवारचा बेत त्या फळ्यावरून ठरवायच्या. पेपरात काय आलंय, मोबाईलमध्ये कोण काय बोलतंय, कोणी विचारत नसे. "अक्काचा पट्टा किती?" बस.

मोबाईलवर पिक्चर बघायला तिच्या भाचीने शिकवलं होतं. एक बघितला तिने, सव्वा तीन दिवसांत. मग मोबाईल परत दिला. "मधेच थांबवता येतो, दूध बघून येता येतं, तो कसला पिक्चर? ती भाजी निवडणं झालं."

धुळ्यात लागला नाही तर ती एसटीने जळगावला जायची. मला दोनदा नेलं. परतीच्या एसटीत एकदा ती मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोशी पिक्चरच्या शेवटावरून भांडली. त्यांना शेवट आवडला होता. पारोळ्यापासून भांडण सुरू, आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ती दोघं एकमेकांशी भांडत होती. ही शांत. खाली उतरल्यावर मला म्हणाली, "आता त्यांना खरंच काय वाटलं ते कळलं त्यांना."

आता माझ्या धाकट्याचं सांगते, भूषणचं. कारण अक्काची खरी ओळख मला तिथे झाली, आणि माझी मलाही.

भूषण नरडाण्याला कारखान्यात कामाला. शिफ्ट संपली की कॅमेरा. शाळेत जाता-येता अक्काचा फळा वाचून हे वेड लागलं असं ह्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. त्याने मित्र जमवले आणि अहिराणीत दोन तासांचा पिक्चर काढला. दीड वर्ष रविवार म्हणून नाही की सण म्हणून नाही. हे शेवटी म्हणाले, "हा लोकांना आवडला तर पुढे कर. नाहीतर कॅमेरा विकायचा आणि नोकरी धरायची नीट." भूषण हो म्हणाला. बापापुढे हो म्हणाला, आणि मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, लोकांचं जाऊ दे. अक्का किती म्हणते तेवढं बघ."

धुळ्याच्या थेटरात आठवडाभर रोज एक खेळ मिळाला. शुक्रवारी मी अक्काच्या शेजारी बसले. आणि मी काही पिक्चर बघितला नाही. मी तिचा हात बघत होते.

हिरो शेतातून आला, दाणा पडला. गाणं लागलं, पडला, पडला, परत पडला. मामा मरायला टेकला. त्याने मरायला इतका वेळ घेतला की मीच मनात म्हटलं, मर आता, तर तिचे तीन दाणे गेले. मी मोजत होते. तेरा, चौदा. मधे एकदाच मी मान वर केली, कारण पडद्यावर मी होते.

त्याचं असं झालं होतं, आईचं काम करणारी बाई जळगावहून यायची होती, ती आली नाही. नरडाण्याच्या स्टेशनवर सगळा लवाजमा उभा. भूषण म्हणाला, "आई, तूच उभी राहा. गाडी जाईल, पोराचा जेवणाचा डबा तुझ्या हातात राहील, आणि तू रडायचं." गाडी गेली. मला रडू येईना. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला वाटलं कॅमेरा बंद झाला, म्हणून मी बाकावर बसले, डबा उघडला आणि कळण्याची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. अर्धी खाल्ली, अर्धी परत बांधली. तो मेला कॅमेरा चालूच होता आणि पोराने ते तसंच ठेवलं. थेटरात स्वतःला असं मोठ्ठं भाकरी चावताना बघून मी पदर तोंडावर घेतला. त्यामुळे तेवढा वेळ अक्काच्या हाताकडे माझं लक्ष नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला पुलापाशी गाठलं. "अक्का, चौदा झाले ना?"

"मोजलेस तू?"

"अक्का, तुला माहितीय त्याचं काय ठरलंय. दोन बरे शब्द लिही. पट्ट्याचं लिहूच नको एवढ्या खेपेला."

पांझरा नदीच्या पुलावर ती उभी राहिली. चिडली की ती तिच्या माहेरच्या अहिराणीत जायची, मुलाला आंडोर म्हणायची. "तुन्हा आंडोर शे म्हणीसन मी खोटं लिखू का? दळणात खडा दिसला तर डबा बंद करून देऊ का तुझ्या हातात?"

"तू त्याला अंगाखांद्यावर खेळवलंयस."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. मला बस म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी मी दूध आणायच्या आधीच गिरणीवर गेले. फळ्यावर लिहिलं होतं, "भूषणचा पिक्चर. पट्टा चौदा वेळा." आयुष्यात पहिल्यांदा तिने पिक्चरला नाव लिहिलं होतं, आणि ते माझ्या पोराचं. मी पुढे काही बघितलं नाही. नळावर पदर ओला केला आणि सगळं पुसून टाकलं. आतून ती बघत होती. हातात पिठाचं फडकं.

मी कोपऱ्यावर वळून परत बघते तर ती खडू घेऊन बाहेर आलेली. परत तेच: भूषणचा पिक्चर, पट्टा चौदा वेळा. रविवारी पहाटे मी जाऊन परत पुसलं. या वेळी ती शटर अर्धं वर करून वाकून म्हणाली, "बठ्ठं पुसी टाक. मी परत लिखसू."

आणि लिहिलंच. सोमवारी तिने शटर खाली ओढलं, गिरणीच्या पाटीला आणलेला लाल ऑइल पेंट काढला आणि शटरवर आडव्या हातभर अक्षरांत लिहिलं. त्याला पदर काय करणार? दिवसभर शटर वर गुंडाळलेलं असायचं, तेव्हा दिसायचं नाही. पण पहाटे, रात्री आणि शुक्रवारी दुपारी, जेव्हा जेव्हा गिरणी बंद, तेव्हा तेव्हा सगळ्या देवपुराला माझ्या पोराचे चौदा दाणे दिसायचे.

आठवडा संपला. थेटरात शेवटच्या दिवशी सतरा माणसं, त्यातली नऊ आमच्या नात्यातली. भूषणचा कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर गेला. मी गिरणी बदलली. दोन गल्ल्या पलीकडे एक होती. तिथलं पीठ इतकं गरम यायचं की भाकरी तव्यावर टाकायच्या आत तडकायची. हे ताटावर बसून म्हणायचे, "भांडण तुमचं, आणि भाकरी माझी मोडते." मी म्हटलं, खा मुकाट्याने. तीन महिने आम्ही तशी भाकरी खाल्ली, पण मी अक्काच्या दारात गेले नाही.

मग एक दिवस भूषण कामावरून आला तो डोक्यापासून पांढरा. भुवयांवर पीठ. हातात वही.

"कुठे होतास?"

"अक्काकडे. चौदा कुठे कुठे ते विचारायला."

"आणि?"

"सगळे पाठ आहेत तिला, आई! तीन महिन्यांनी. चक्की चालू, ती ओरडून सांगतेय, मी लिहून घेतोय, दळणाला आलेल्या बाया मधे मधे आपलं सांगतायत."

तो वही वाचायला लागला. पहिला दाणा, हिरो काळ्या मातीच्या शेतातून आला आणि पायाला ढेकूळ नाही. चौथा, गाण्यातल्या मुली कापूस वेचतायत पण एकीचंही बोट बोंडाने खरचटलेलं नाही. सहावा, बाई भाकरी थापते आणि परातीत कोरडं पीठच घेतलेलं नाही, "तशी भाकरी परातीला चिकटते, मला तेव्हाच दळण आठवलं." मामाचे तीन. शेवटच्या भाषणाचे दोन, "जे डोळ्यांनी दिसलं ते परत तोंडाने कशाला?" मी ऐकत होते आणि मला राग यायला हवा होता तो येईना. इतकं मन लावून माझ्या पोराचं काम कोणी बघितलं होतं? मी तर हातच बघत बसले होते.

"आणि हे बघ," भूषण म्हणाला, "खाली वेगळं लिहिलंय. स्टेशनवर आई भाकरी खाते तेव्हा दाणा हललाच नाही. पूर्ण पिक्चरमधे तिथेच फक्त. ती म्हणाली, फळ्यावर दोन ओळी होत्या. तुझी आई एकच वाचून पुसायला लागली."

मी तशीच उठले. चपला उलट्या पायात. गिरणी चालू होती, अक्का डब्यातलं धान्य चक्कीत ओतत होती. मी ओरडून विचारलं, "दुसऱ्या ओळीत काय लिहिलं होतंस?"

"पुसलीस ना?"

"मग परत लिही! चौदा परत परत लिहिलंस, ती का नाही लिहिलीस?"

"खोटं म्हणून पुसलं की मी परत लिहिते. बरं लिहिलेलं तू आपल्या हाताने पुसलंस, त्याला मी काय करू? ते तुझं तू बघ." मग चक्की जराशी हळू केली आणि म्हणाली, "रडली असतीस ना माय, तर पट्टा आठवला असता मला. तू खायला बसलीस. मी पण गिरणीत असंच करते. सगळे गेले की खाते." आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघून, "दळण कुठाय? त्या गरम पिठाने चेहरा बघ कसा झालाय तुझा."

भूषणचा कॅमेरा खाली आला. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. कपाटाची वरची फळी ह्यांच्याच उंचीची आहे, भूषणचा हात पुरत नाही, एवढंच सांगते.

दुसरा पिक्चर पाऊण तासाचाच झाला. गाणं नाही, मामा नाही. एक बाई विसरलेला डबा घेऊन पोराच्या मागे निघते, एवढीच गोष्ट. बाई मी. दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात अक्काचे गुडघे गेले. घरोघरी छोट्या घरघंट्या आल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या. सुरतला दिलेली तिची लेक कधीची म्हणत होती, इकडे ये. अक्काने ठरवलं तेव्हा कोणाला विचारलं नाही. विकली गिरणी. मोटार एकाने नेली, दगड एकाने. पट्टा तेवढा तिने दिला नाही. गुंडाळून, सुतळीने बांधून ट्रंकेत घातला. "सुरतला पट्ट्याचं काय करणार?" मी विचारलं. "काही नाही," म्हणाली. "मला आठवायला नको, म्हणून जवळ ठेवते."

जायच्या दोन दिवस आधी भूषणने देवपुरातल्या कॉलेजच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला. अक्का रिक्षाने आली. कडेची खुर्ची, पाय वर. बटवा नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "पट्टाच नाही, मोजू काय?" मी या खेपेला तिचा हात बघितला नाही. बघायचा नाही असं ठरवूनच बसले होते. दिवे लागल्यावर भूषण येऊन समोर उभा राहिला, चाळिशीला आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कसा वाटला ते न सांगता रिक्षात बसून गेली.

रात्रभर ना तो झोपला ना मी. सकाळी दूध आणायला निघाले तर टेलर मशीन सोडून रस्त्यात उभा होता. शटरकडे बघत.

वर जुनी ओळ. भूषणचा पिक्चर, पट्टा चौदा वेळा. तिच्या खाली ओल्या लाल रंगात नवी, जरा वाकडी, कारण गुडघ्यांमुळे तिला स्टुलावर बसून लिहावं लागलं असणार:

"भूषणचा दुसरा. पाऊण तास गिरणी विकली हे आठवलं नाही. जा."

आता ती सुरतला असते. तिथेही शुक्रवार सोडत नाही. संध्याकाळी फोन येतो. "गाड्या उडतात तो. सात." मी विचारलं, "अगं, पण आता मोजतेस काय?" तर म्हणे, "तुला. सात वेळा आठवलीस. अगदीच टुकार पिक्चर." भूषणचा तिसरा चालू आहे. स्टँड उचलायला हे जातात.

परवा गिरणीचा गाळा घेतलेल्या माणसाने पेंटर आणला. मोबाईलची कव्हरं विकणार आहे म्हणे तिथे. पेंटर थिनरची बाटली आणि चिंधी घेऊन शटरसमोर बसला होता. मी दूध खाली ठेवलं आणि त्याच्या आणि शटरच्या मधे जाऊन पायरीवर बसले.

"मावशी, सरका ना. जुनं लिहिलेलं आहे, पुसायचंय."

"मी पुसून बघितलंय, भाऊ," मी म्हटलं. "ती परत लिहिते."